सात पौंडांचा कुत्रा

कुत्र्यांच्या जातींना नांवें बहुधा त्यांच्या गांवावरून किंवा कामावरून पडलेलीं आढळतात. यॉर्कशायर टेरिअर हें नांवही उत्तर इंग्लंडांतील एका परगण्याचें आहे. परंतु गेल्या कांहीं दशकांत या नांवाच्या आधीं आणखी एक शब्द जोडण्याची चाल पडली आहे. विकणारा 'टीकप' म्हणतो, 'मिनिएचर' म्हणतो, 'पॉकेट' म्हणतो. आणि घेणारा चहाच्या पेल्यांत बसविलेल्या पिलाचें छायाचित्र पाहून भुलतो. हे शब्द मापाचे वाटतात; पण कोणत्याही तराजूवर त्यांची खूण नाहीं. या जातीचा इतिहास मात्र पहिल्यापासून वजनाशीं बांधलेला आहे. तें वजन प्रथम कशासाठीं मोजलें गेलें, पुढें कशासाठीं, आणि शेवटीं मोजावयाचें सोडून त्यास नुसतीं नांवें कशीं देण्यांत आलीं, हें पाहिलें म्हणजे त्या पेल्यांतील पिलाची जोपासना कशी करावी याचाही बराचसा उलगडा होतो.

कथेचा आरंभ स्कॉटलंडांत, क्लाइड नदीच्या खोऱ्यांत होतो. ग्लासगोजवळचें पेस्ली हें विणकरांचें गांव. काश्मिरी शालींच्या नकला तेथील मागांवर विणल्या जात, आणि त्या शालींवरील जी आकृति महाराष्ट्रांत कोयरी म्हणून ओळखली जाते, तिला इंग्रजी भाषेंत त्या गांवाचेंच नांव मिळालें. लुगड्याच्या कांठावर नित्य दिसणारी कोयरी आणि मांडीवर मावणारा हा कुत्रा यांचा संबंध एकाच गांवाशीं यावा, हा योगायोग मौजेचा खरा. या खोऱ्यांतील विणकर रेशमासारख्या लांब केंसांचे लहान टेरिअर बाळगीत. त्यांना कोणी पेस्ली टेरिअर म्हणत, कोणी क्लाइड्सडेल टेरिअर. पुढें यंत्रमागापुढें हातमागाचा टिकाव लागेना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पुष्कळ स्कॉटिश कुटुंबें कामाच्या शोधांत दक्षिणेकडे उतरलीं आणि यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांतील गिरण्यांच्या गांवीं स्थायिक झालीं. बिऱ्हाडाबरोबर कुत्रेही आले.

नव्या मुलखांत त्यांचा संकर तेथील टेरिअरांशीं झाला. नदीनाल्यांच्या कांठीं वावरणारा वॉटरसाइड टेरिअर आणि काळ्या-तांबूस रंगाचा इंग्लिश टेरिअर यांचीं नांवें या संबंधांत नेहमीं घेतलीं जातात. यापलीकडे निश्चित असें थोडेंच सांगतां येतें. कारण हे कुत्रे वाढविणारे लोक गिरणींतले कामकरी होते आणि कोणाच्या पोटीं कोण झालें याची लेखी नोंद ठेवण्याची त्यांना गरज वाटली नव्हती. लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड येथील विणकरांच्या हातीं या कुत्र्याचे केंस इतके लांब व तलम होत गेले कीं, ते मागावरच विणून काढलेले आहेत, असा विनोद त्या काळीं रूढ झाला होता.

तथापि आरंभीं हा कुत्रा शोभेचा नव्हता. गिरण्यांच्या त्या दाट वस्तींत उंदरांचा सुळसुळाट असे, आणि टेरिअरचें काम उंदीर मारण्याचें. बैल व अस्वल यांच्या अंगावर कुत्रे सोडण्याचे खेळ पार्लमेंटनें १८३५ च्या कायद्यानें बंद केल्यावर उंदीर मारण्याच्या शर्यतींना विशेष ऊत आला. दारूच्या गुत्त्यांत भिंतींनीं बंदिस्त असा आखाडा करीत, त्यांत मोजून उंदीर सोडीत, आणि कुत्रा ते किती वेळांत मारतो यावर पैजा लागत. १८४८ व १८४९ सालीं लंडनच्या बनहिल रो या रस्त्यावरील ब्लू अँकर नांवाच्या गुत्त्यांत जिमी शॉ याच्या 'टायनी' या टेरिअरनें तासाभराच्या आंत २०० उंदीर मारल्याची नोंद आहे. टायनीचें वजन साडेपांच पौंड, म्हणजे सुमारें अडीच किलो होतें, आणि पट्टा म्हणून त्याच्या गळ्यांत एका स्त्रीचें कंकण घातलेलें असे. टायनी कांहीं यॉर्कशायर टेरिअर नव्हता. परंतु लहान कुत्र्याचें वजन पौंडांत जाहीर करण्याची आणि त्याचा अभिमान मिरविण्याची रीत अशा आखाड्यांत दृढ झाली. कांहीं शर्यतींत तर कुत्रा जितक्या पौंडांचा तितके उंदीर त्यानें मारावयाचे, असा नियम असे; मग हलक्या पण चपळ कुत्र्याच्या धन्याचा फायदा ठरलेला. वजनाचा आंकडा तेथें नुसत्या कौतुकाचा नव्हता. त्यावर पैसा लागलेला असे.

लवकरच आखाड्याची जागा मंडपानें घेतली. कुत्र्यांचें पहिलें संघटित प्रदर्शन इंग्लंडांत १८५९ सालीं न्यूकॅसल येथें भरलें, आणि १८६१ सालीं विणकरांचा हा टेरिअर 'विसकटलेल्या केंसांचा स्कॉच टेरिअर' अशा लांबलचक नांवाखालीं प्रदर्शनांत उतरला. चारच वर्षांनीं, १८६५ मध्यें, हडर्सफील्ड येथें एक पिलूं जन्मलें. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर या बाईंनीं तें पुढें आपल्याकडे घेतलें. गांवच्या नांवावरून त्यास हडर्सफील्ड बेन म्हणत. जवळच्या नात्यांतील संकराच्या कित्येक पिढ्या त्याच्या मागें होत्या. बेननें ७४ बक्षिसें मिळविलीं, आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची पिलें त्याच्याच वळणावर जात. २३ सप्टेंबर १८७१ रोजीं एका गाडीखालीं सांपडून तो मेला तेव्हां त्याचें वय अवघें सहा वर्षांचें होतें. पण तेवढ्या अवधींत तो साऱ्या जातीचा मूळपुरुष ठरून गेला होता. त्याच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १८७० मध्यें, वेस्टमोरलंडचें प्रदर्शन पाहून अँगस सदरलँड या बातमीदारानें लिहिलें कीं, हे कुत्रे यॉर्कशायरांत इतके सुधारले आहेत कीं त्यांना स्कॉच न म्हणतां यॉर्कशायर टेरिअरच म्हटलें पाहिजे. नांव रुजलें. १८७३ सालीं केनेल क्लबची स्थापना झाली आणि १८८६ मध्यें त्या क्लबानें ही जाति स्वतंत्र म्हणून मान्य केली.

आतां बेनच्या वजनाकडे पाहावें. तें नऊ ते बारा पौंडांच्या दरम्यान, म्हणजे चार ते साडेपांच किलो, सांगण्यांत येतें. आज इंग्लंडच्या केनेल क्लबचा नियम असा आहे कीं यॉर्कशायर टेरिअरचें वजन ३·२ किलोपर्यंत, म्हणजे सात पौंडांपर्यंत, असावें. अमेरिकन क्लबही सात पौंडांची सीमा ओलांडूं देत नाहीं. म्हणजे ज्याच्या रक्ताचा अभिमान जगांतील जवळजवळ प्रत्येक यॉर्कशायर टेरिअरचा मालक बाळगतो, तो बेन स्वतः आजच्या मापांत बसला नसता! त्याची संतति मात्र बरीच लहान निपजे, आणि लहानास मागणी होती. व्हिक्टोरियाकालीन सधन घरांतील स्त्रियांना मांडीवर घेण्याजोगा कुत्रा हवा होता. उंदीर मारणारा कुत्रा हवा होता असें नव्हे. या कुत्र्यांचे केंस तुटूं नयेत म्हणून त्यांना तेल लावून, केंसांच्या बटा कागदांत गुंडाळून ठेवण्याची कला निघाली. ती प्रदर्शनाच्या कुत्र्यांसाठीं अद्याप चालू आहे. १८७८ सालीं न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनांत या जातीचे दोन वर्ग करण्यांत आले, पांच पौंडांच्या आंतील आणि त्याहून जड. मोठ्या-लहानांत भेद करण्याची ही रीत सरळ होती. दोन्ही वर्गांना आंकडा होता, आणि दोन्ही वर्गांतील कुत्र्याला एकच नांव होतें.

पुढें वर्ग गेले, वरची मर्यादा तेवढी राहिली. खालची मर्यादा कोणीच घातली नव्हती, आणि ती अद्यापही नाहीं. या एका रिकाम्या जागेंतून पुढील सारा गोंधळ शिरला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

लहानपण म्हणजेच दुबळेपण, असा समज मात्र करून घेऊं नये. १९४४ च्या फेब्रुवारींत न्यू गिनीच्या रानांत एका अमेरिकन सैनिकाला खंदकांत एक लहानशी टेरिअर कुत्री सांपडली. ती तेथें कशी आली हें कधींच कळलें नाहीं. विल्यम वीन नांवाच्या कार्पोरलनें ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली आणि तिचें नांव स्मोकी ठेवलें. तिचें वजन चार पौंड, उंची सात इंच. दोन वर्षें ती तंबूंत राहिली, शिपायांच्या डब्यांतलें अन्न खाल्लें आणि विमानांतून प्रवास केला. १९४५ च्या आरंभीं फिलिपीन्समधील लिंगायेन आखाताजवळच्या विमानतळावर तारायंत्राची तार धावपट्टीखालून न्यावयाची होती. जागा होती ७० फूट लांब व आठ इंच रुंद नळाची. आणि सांध्यांतून पडलेल्या मातीनें ती कांहीं ठिकाणीं निम्मी भरलेली. जमीन खणावी तर कित्येक विमानें उघड्यावर अडकून पडणार. स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधण्यांत आली, वीन नळाच्या दुसऱ्या तोंडाशीं जाऊन हांका मारूं लागला, आणि ती सरपटत पलीकडे गेली. हिच्या गळ्यांत कोणीं 'टीकप' अशी चिठ्ठी अडकविली असती तर तें मापास धरून झालें असतें, पण तिच्या प्रकृतीविषयीं त्यांतून कांहींच कळलें नसतें. २१ फेब्रुवारी १९५७ रोजीं स्मोकी वारली तेव्हां तिचें वय सुमारें १४ वर्षांचें असावें.

दुसरें टोकही त्याच सुमाराचें आहे. इंग्लंडांत ब्लॅकबर्न येथें एक यॉर्कशायर टेरिअर होता. त्याची उंची खांद्यापाशीं अडीच इंच आणि वजन चार औंस, म्हणजे अवघे ११३ ग्रॅम भरलें. आगपेटीएवढा कुत्रा म्हणून त्याची प्रसिद्धि झाली आणि जगांतील सर्वांत लहान कुत्रा म्हणून विक्रमांच्या यादींत त्याचें नांव गेलें. १९४५ सालीं, दोन वर्षांच्या आंतबाहेर वय असतांना, तो मेला. स्मोकी १४ वर्षें जगली. हा दोन वर्षें. विक्रमाच्या यादींत या दुसऱ्या आंकड्याला रकाना नसतो.

'टीकप' हा शब्द कोणत्याही मान्य केनेल क्लबच्या दप्तरांत जातीचें किंवा उपजातीचें नांव म्हणून नाहीं. 'टॉय' हा शब्द तेवढा दप्तरांत आहे. परंतु तो लहान जातींच्या एका संपूर्ण गटाचें नांव आहे. त्यामुळें सात पौंडांचा यॉर्कशायरही टॉय आणि तीन पौंडांचाही टॉय. एखाद्या विक्रेत्यानें 'टॉय' व 'स्टँडर्ड' असे दोन भाव सांगितले तर तो फरक त्याच्या दुकानापुरताच आहे, असें समजावें. चहाच्या पेल्यांतील चित्राचें रहस्यही साधें आहे: सहा आठवड्यांचें यॉर्कशायरचें कोणतेंही पिलूं पेल्यांत मावतें. वयानें लहान असणें आणि मापानें लहान असणें यांची गल्लत येथें हेतुपुरस्सर होते. 'मोठेपणीं एवढेंच वजन राहील' असें आश्वासन आठ आठवड्यांच्या पिलाविषयीं कोणी दिलें तर त्यास आईबापांच्या वजनाखेरीज दुसरा फारसा आधार नसतो, आणि तो आधारही सैलच.

इतकें लहान कुत्रें निपजतें तरी कसें? २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें दाखविलें कीं लहान जातींच्या कुत्र्यांत शरीरवाढीच्या एका द्रव्याशीं संबद्ध असलेल्या आयजीएफ-१ या जनुकाचा एक विशिष्ट भेद जवळजवळ सर्वत्र आढळतो. २०२२ मध्यें तर असें दिसून आलें कीं लहानपणाशीं जोडलेला भेद सुमारें ५४,००० वर्षांपूर्वींच्या एका लांडग्याच्या अवशेषांतही होता. तेव्हां यॉर्कशायरच्या विणकरांनीं लहानपण निर्माण केलें नाहीं; त्यांनीं तें निवडून निवडून एकत्र आणलें. निवडीची ही रीत सशक्त जोड्यांवर चालली तर स्मोकीसारखे कुत्रे मिळतात. परंतु प्रत्येक वेतांतील सर्वांत खुरटें पिलूं उचलून त्याच्यापासून पुढली पिढी काढावी, तर गोष्ट निराळी होते. खुरटेपणा हें कधीं कधीं आजाराचें लक्षण असतें. यॉर्कशायर टेरिअरांत यकृताजवळील रक्तवाहिनीचा एक जन्मजात दोष अन्य जातींहून पुष्कळच अधिक आढळतो: आंतड्यांतून येणारें रक्त यकृतांत शुद्ध न होतां परस्पर पुढें जातें. अशीं पिलें वाढत नाहींत, जेवल्यावर सुस्त किंवा भ्रमिष्टासारखीं होतात. बाजारांत मात्र त्यांची वाढ खुंटली हाच गुण ठरतो आणि तिची किंमत अधिक पडते. घेणाऱ्यानें अशा वेळीं पशुवैद्याकडून तपासणी, आणि शंका असल्यास रक्ताची परीक्षा, आधीं करून घ्यावी हें बरें. पैशांपेक्षांही मोठा प्रश्न, घरांतील मुलांचा जीव जडल्यावर काय करावयाचें, हा असतो.

घरांत आलेल्या अतिलहान पिलाचा पहिला शत्रु म्हणजे उपास. मोठा कुत्रा एक दिवस न खातां राहूं शकतो. एका किलोच्या पिलाच्या यकृतांत साखरेचा सांठा इतका थोडा असतो कीं कांहीं तासांच्या लंघनानें, थंडीनें किंवा अतिखेळानेंही रक्तांतील साखर उतरते. पिलूं मलूल होतें, झोकांड्या खातें, थरथरतें, आणि प्रसंगीं झटके येऊन बेशुद्ध होतें. म्हणून तीन महिन्यांच्या आंतील पिलाला दिवसांतून चार किंवा अधिक वेळां थोडें थोडें अन्न द्यावें. लक्षणें दिसतांच मध किंवा ग्लुकोजचें पाणी बोटानें हिरड्यांना चोळावें (शुद्धि नसतांना तोंडांत ओतूं नये, तें श्वासनलिकेंत जातें) आणि तत्काळ पशुवैद्य गांठावा. लहान देहाची ऊबही लवकर निघून जाते. आणि यॉर्कशायरला मऊ अंतर्लोम नसतात, केंसांचा एकच थर असतो. मुंबई-पुण्याच्या घरांत थंडीची भीति नाहीं असें वाटेल. पण वातानुकूलित खोलींतील फरशी ही या पिलांची खरी हिंवाळ्याची जागा आहे.

मग हाडें. सोफ्यावरून मारलेली उडी मनुष्याच्या गुडघ्याएवढी; पिलाच्या दृष्टीनें ती माडीवरून मारलेली उडी होय. पुढच्या पायाचीं बारीक हाडें अशानें सहज मोडतात. मागच्या पायाची वाटी सरकणें हाही या जातीचा परिचित विकार आहे. कुत्रा चालतां चालतां एक पाय उचलून दोन उड्या मारतो आणि पुन्हां नीट चालूं लागतो, हें गमतीचें नसून वाटी सरकल्याची खूण असते. श्वासनलिकेचीं कूर्चेचीं कडीं कांहीं कुत्र्यांत सैल असतात आणि पट्टा ओढला कीं हंसाच्या ओरडण्यासारखा खोकला येतो. यावर उपाय सोपा: गळ्यांत पट्टा न घालतां छातीभोंवतीं बसणारा साज वापरावा. दांतांचें दुखणेंही नेहमींचेंच. एवढ्याशा जबड्यांत ४२ दांत मावावयाचे असतात; दुधाचे दांत वेळेवर पडले नाहींत तर नवे वांकडे येतात, त्यांत अन्न सांचतें. रोज दांत घांसण्याची संवय लहानपणींच लावावी. केंसांचें सांगावयाचें तर जन्मतः पिलूं काळें-तांबूस असतें आणि पाठीवरचा पोलादी निळा रंग वर्षा-दोन वर्षांनीं, कधीं त्याहूनही सावकाश, उतरतो. केंस सतत वाढतात. प्रदर्शनाला न्यावयाचें नसेल तर ते आंखूड कापून ठेवण्यांत कुत्र्याला सुख आहे आणि घरच्यांनाही.

लहान मुलांनीं त्याला उभ्यानें कडेवर घेऊं नये. जमिनीवर बसून मांडीवर घ्यावें. चॉकलेट, कांदा, द्राक्षें, आणि साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेले पदार्थ कुत्र्यांना विषासमान आहेत. ३० किलोच्या कुत्र्याला ज्या तुकड्यानें फारसें कांहीं होणार नाहीं, तोच तुकडा दीड किलोच्या कुत्र्याचा जीव घेऊं शकतो. औषधाची मात्रा व भूल हीं दोन्हीं किलोच्या हिशेबानें ठरतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशीं कालचें वजन न सांगतां ताजें करून घ्यावें, आणि उपास किती तास ठेवावयाचा हें स्पष्ट विचारावें. लसीची मात्रा मात्र वजनानें कमी होत नाहीं. फार लहान मादीची वीण काढण्याच्या फंदांत तर पडूंच नये. तिच्या पोटीं पिलें थोडीं असतात, पण एकेका पिलाचें डोकें तिच्या कटीच्या मानानें मोठें ठरून पोट चिरून प्रसूति करण्याची पाळी येते.

या सर्वांसाठीं घरांत एका साधनाची गरज आहे, आणि तें बहुधा स्वयंपाकघरांत असतेंच: ग्रॅमपर्यंत मोजणारा कांटा. पिलूं एखाद्या उथळ भांड्यांत बसवून रोज एकाच वेळीं, वर्षाचें झाल्यावर आठवड्यांतून एकदां, वजन करावें आणि तारखेसह वहींत लिहावें. ३० किलोच्या कुत्र्याचे १०० ग्रॅम कमी झाले तर कोणाच्या ध्यानांतही येणार नाहींत. एक किलोच्या कुत्र्याचा तो दहावा हिस्सा आहे, आणि डोळ्यांना दिसण्यापूर्वीं तो वहींत दिसतो.